ठोकेमामांची नाडी

ठोकेमामा कुणाला नमस्कार करत नसत. माणूस समोर आला की डावं मनगट उताणं करून पुढे धरत आणि म्हणत, "मोज." नव्याने आलेला विद्यार्थी गोंधळायचा. हा हात मिळवायचा, की पाहायचा, की त्यावर काही ठेवायचं, हे त्याला उमगेना. मग मामा त्याची तीन बोटं धरून आपल्या अंगठ्याखालच्या खाचेत नीट बसवून द्यायचे. "अंगठा लावू नोको बरं. अंगठ्यातबी ठोका असते, तो आपल्यालेच फसवते. हं, आता पाह्य घड्याळीकडं." अर्धं मिनिट झालं की आकडा विचारायचे. आकडा चुकला तर तो चुकल्याचं त्यांना आधीच ठाऊक असे, कारण समोरचा मोजत असताना तेही मनातल्या मनात मोजत असत. त्यांचं खरं नाव मस्टरवर होतं आणि ते तिथेच राहिलं.

आर्वीत एसटी डेपोच्या पुढे तेव्हा शारीरिक शिक्षणाचं एक लहानसं कॉलेज होतं. त्याचं नाव सांगत नाही. पुढे जे सांगायचं आहे त्यात दोष कॉलेजचा नाही, माझा आहे. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी तिथे शिकायला गेले. अल्लीपूरची मुलगी, चारशे मीटर पळणारी, तालुक्यात पहिली आलेली आणि त्यामुळे डोक्यात भरपूर हवा गेलेली. मामा तिथे चपराशी होते. मैदानावर फक्कीच्या पांढऱ्या रेघा ओढणं, डंबेल्स मोजून कपाटात लावणं, तासाची घंटा देणं ही त्यांची कागदावरची कामं. त्याआधी पंधरा वर्षं ते जिनिंगमध्ये कापसाच्या गठाणी पाठीवर वाहत होते. जिनिंग बंद पडली, पण पाय तेवढे शाबूत बाहेर निघाले, असं ते सांगत.

कागदावर नसलेलं त्यांचं काम प्रयोगशाळेत असे. आम्हाला व्यायामाचं शरीरशास्त्र हा विषय होता आणि त्यातला सगळ्यांत मोठा प्रयोग म्हणजे स्टेप टेस्ट. वीस इंच उंचीचा सागवानी बाक. मिनिटाला तीस वेळा त्यावर चढायचं आणि उतरायचं, अशी पाच मिनिटं. मग खाली बसायचं आणि दुसऱ्यांनी ठरलेल्या अंतराने तीनदा, अर्धं-अर्धं मिनिट नाडी मोजायची. ती जितकी लवकर खाली येईल तितकं हृदय दमदार. तालासाठी टकटक करणारं एक यंत्र होतं म्हणे, ते दुरुस्तीला नागपूरला गेलं आणि तिकडचंच झालं. तेव्हापासून मामाच ते यंत्र झाले. त्यांचा ताल एका सेकंदानेही ढळत नसे. दर वर्षी नव्या बॅचचा पहिला प्रयोग त्यांच्यावरच व्हायचा.

बाकावर चढले की मामा बोलायला लागत. एरवी हा माणूस दोन शब्दांवर तिसरा काढायचा नाही, पण बाकावर त्यांना कंठ फुटायचा. "वर, वर, खाली, खाली. पाह्यलं का, बोलून राह्यलो न मी? बोलता येते तवरोक समजा भट्टीले हवा भेटून राह्यली. वर, वर. बोलणं बंद झालं का समजा धूर होऊन राह्यला. खाली, खाली." सर तेच फळ्यावर ऑक्सिजनच्या बाणांनी शिकवत, पण ऐकायचं सगळे मामांचं. एकदा कुणीतरी विचारलं, मामा, रोज रोज कंटाळा येत नाही का? तर म्हणाले, "बाकावर हावो तवरोक मी मास्तर. उतरलो का चपराशी. कायचा कंटाळा?" हे ते हसत म्हणाले आणि आम्हीही हसलो. पुढे कित्येक वर्षं मी ते विनोद म्हणूनच सांगत होते.

शरीर शक्ती कुठून आणतं हे मला त्यांनीच शिकवलं. सरांनी पाऊण तास तीन चौकटी काढून समजावलं होतं, माझ्या डोक्यात काही शिरलं नव्हतं. त्याच आठवड्यात कॉलेजच्या स्पर्धेत मी चारशे मीटर सुसाट सुटले आणि शेवटच्या ऐंशी मीटरला मांड्यांचे दगड झाले. रेघ ओलांडून गवतावर पडले, ओकले, आणि आता आपण मरतो अशी खात्री झाली. मामा फक्कीची बादली घेऊन जवळच उभे होते.

"मरत नाई," ते म्हणाले. "सांगतो तुले. खिशात मूठभर फुटाणे असते. पळाले निघालं का पहिले तेच खातो आपण, दहा सेकंदात खलास. मंग चुलीवरचा भात. तो लवकर भेटते, पण घाईनं शिजवला का करपते, धूर होते. तोच धूर तुह्या मांड्यात भरला. अन् कोठीत ज्वारी असते. ते सरता सरत नाई, पण तिले दळा, मळा, भाजा, हवा घाला. तू फुटाण्यावर निघाली, भातावर तीनशे मीटर गेली, अन् कोठी उघडाले टाइमच नाई ठेवला." मग हात धरून उठवलं आणि चालायला लावलं, कारण बसून राहिलं तर धूर उशिरा निघतो. परीक्षेत मी हेच लिहिलं, फुटाण्यांच्या जागी शास्त्रीय नावं घालून. सरांनी वर्गात तो पेपर वाचून दाखवला आणि मी तोंड मिटून कौतुक करवून घेतलं.

मामांचा पुस्तकावर राग नव्हता, पण पुस्तकाच्या आधी ते पायांना विचारत. एकदा सर शिकवत होते की व्यायामानंतर पाय दुखतात ते लॅक्टिक अ‍ॅसिड साचल्यामुळे. मामा खडूचा डबा ठेवायला आत आलेले. दारातच थबकले. "सर, ते अ‍ॅसिड त तासा-दीड तासात निघून जाते म्हणता न तुमी? मंग गठाणी उचलल्या का दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काऊन लय दुखते?" सरांनी पुस्तकाची दोन पानं चाळली आणि इथे असंच दिलं आहे म्हणाले. "बुकात असन," मामा म्हणाले, "पायात तसं नाई." पुढे नव्या पुस्तकांत आलं की ते दुखणं स्नायूंच्या बारीक इजांमुळे असतं, अ‍ॅसिडमुळे नाही. मी ते पान मामांना वाचून दाखवलं. "बरं झालं, पोचले तेथवरी," एवढंच बोलून ते घंटा द्यायला गेले.

त्यांची नाडी मी पहिल्यांदा मोजली ती याच प्रयोगात. पाच मिनिटं तो माणूस बाकावर चढत-उतरत बडबडत होता आणि आता शांत बसला होता. पहिल्या अर्ध्या मिनिटात अठ्ठावन्न ठोके आले, दुसऱ्यात अठ्ठेचाळीस, तिसऱ्यात बेचाळीस. आमच्यातल्या भल्याभल्या खेळाडूंना ते जमत नव्हतं. तक्त्यात नव्वदच्या वर गुण म्हणजे उत्तम, मामांचे शंभरावर गेले. त्यांना गुणांशी देणंघेणं नव्हतं. मोजून झालं की ते खिशातून गुळाचा खडा काढून तोंडात टाकत, आम्हालाही देत आणि बाक उचलून भिंतीशी ठेवत. त्या आकड्यांचा त्यांना अभिमान होता हे मात्र दिसायचं. गावात कुणी तब्येत विचारली तर "बेचाळीस" असं उत्तर देत आणि विचारणारा चक्रावून जाई.

शिक्षण संपलं, दोनेक वर्षं इकडेतिकडे गेली आणि सर सोडून गेले तेव्हा त्यांच्या जागी तासिका तत्त्वावर मलाच घेतलं. पहिल्या दिवशी मामांनी मनगट पुढे केलं, पण "मोज" ऐवजी "मोजा मॅडम" म्हणाले. मला कसंतरीच झालं. मी म्हटलं, मामा, असं काय करता, मी तीच आहे. तर म्हणाले, "कॉलेजात मॅडम. डेपोवर पोरी." आणि खरंच, संध्याकाळी डेपोवर गाडीची वाट पाहत असले की "का वं पोरी, जेवली का आज धड?" म्हणून विचारत. पुन्हा सकाळी मॅडम. इतका काटेकोर माणूस.

आता जर्नलबद्दल सांगायला हवं. प्रॅक्टिकलचं जर्नल म्हणजे काय, हे ज्याने लिहिलं आहे त्याला वेगळं सांगायला नको. जुन्या बॅचचं एखादं सुंदर अक्षरातलं जर्नल पिढ्यान्पिढ्या खाली येत राहतं. आधी पोरं त्यातला हेतू उतरवतात, मग निष्कर्ष, मग आकृती, आणि एक दिवस वाचनं, म्हणजे स्वतः मोजून लिहायचे आकडेही. बाहेरून येणारा परीक्षक अक्षर बघतो, पेन्सिलीच्या रेघा बघतो, उत्तर तक्त्यात बसतं का बघतो. तीस जर्नलांत एकच आकडा असला तर तो त्याला अचूकपणा वाटतो. एकोणतिसांत एक आणि तिसाव्यात दुसरा असला तर तो चष्मा काढून प्रश्न विचारतो. मामांच्या प्रयोगाचं असंच झालं होतं. पोरं त्यांचं मनगट धरत, ओठ हलवत, आणि वहीत अठ्ठावन्न, अठ्ठेचाळीस, बेचाळीस असा पाढा लिहीत. हे मला ठाऊक होतं. मीही इतर प्रयोगांत तेच करून वर आले होते. शिवाय मामांच्या बाबतीत तो पाढा खराच होता, मग कुणाचं काय बिघडत होतं?

वंदना नावाची एक मुलगी होती, केळझरची. अबोल, खो-खो बरी खेळायची, आणि सांगितलेलं काम सांगितलं तसंच करायची. परीक्षेला आठवडा उरला होता. मी टेबलाशी बसून लाल पेनाने एकामागून एक जर्नलं तपासत होते. मामा नुकतेच बाकावरून उतरून बसले होते, गळ्यात दुपट्टा. वंदनाने वही पुढे ठेवली. तीत लिहिलं होतं, एकाहत्तर, अडुसष्ट, सहासष्ट.

"हे काय लिहिलंस?"

"मामांची नाडी, मॅडम."

"चुकली आहे."

"मॅडम, काल अन् आज दोनदा मोजली. दोन्हीदा तेवढीच आली."

मी मामांकडे पाहिलं. ते हसले. "पोरीचा हात कच्चा हाय मॅडम. बेचाळीस लिहा. आपली बेचाळीसच असते." एवढंच वाक्य, पण ते म्हणताना ते मध्ये दोनदा थांबले. मी ते ऐकलं. ऐकलंच नाही असं आज म्हणता आलं असतं तर फार बरं झालं असतं. त्यांचा हात माझ्यापासून दोन वितींवर गुडघ्यावर पडलेला होता आणि माझ्या हातात पेन होतं. मी ते तीन आकडे खोडले, वर पाठ असलेले तीन आकडे लिहिले, सही केली आणि "पुढचं आण" म्हटलं. वंदना वही घेऊन गेली. तिने पुन्हा काही विचारलं नाही.

त्यानंतरच्या वर्षात मामा बाकावर बोलेनासे झाले. ताल तोच, पण तोंड बंद. मी एकदा विचारलं, मामा, आजकाल गप्प का? "आता प्रोफेसर लोकायसमोर बडबड बरी दिसत नाई," म्हणाले. ज्या माणसाने बोलणं बंद होण्याचा अर्थ मला शिकवला होता त्याचं हे उत्तर मी मुकाट्याने घेतलं. मग त्यांनी बाक भिंतीजवळ सरकवला, चढताना हात टेकता यावा म्हणून. मग चपलेचा पट्टा सैल करून घेतला, संध्याकाळपर्यंत पायांवर सूज येत होती. हे सगळं मी पाहत होते. शरीरशास्त्र शिकवत होते आणि पाहत होते. एकदा म्हटलंसुद्धा की वर्ध्याला दाखवून या. "सोयाबीन निघू द्या, मेहुण्याले सवड झाली का जातो," म्हणाले. मी पुन्हा तगादा लावला नाही. लावला असता तर का लावते हे सांगावं लागलं असतं, आणि ते सांगताना वंदनाची वही निघाली असती.

पुढच्या सत्राच्या सुरुवातीला एका सकाळी ते मैदानावर फक्की मारत होते. तिसऱ्या लेनची रेघ वळणापर्यंत गेली आणि तिथेच थांबली. मामा त्या रेघेवर बसले होते. मुलांनी उचलून जीपमध्ये घातलं आणि वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं.

तिसऱ्या दिवशी मामी कॉलेजात आल्या. मामी म्हणजे कष्टाने वाळलेली, ताठ बाई. मी त्यांना बसायला सांगितलं, पण त्या उभ्याच राहिल्या. हातात कापडी पिशवी होती. "मॅडम, डॉक्टर विचारून राह्यले का हे कधीपासून हाय. पहिले काही मोजलं होतं का, कागद हाय का. त हे म्हणतात, माह्या नाडीचे कागद कॉलेजात हायेत, दहा वर्षांचे. मॅडमजवळ हायेत. मांगून आण म्हणे." बोलताना त्यांच्या स्वरात थोडा तोरा होता. नवऱ्याची नाडी दहा वर्षं लिहून ठेवली जाते, असं गावात दुसऱ्या कुणाचं होतं?

मी मामींना म्हटलं, तुम्ही जा, मी स्वतः घेऊन येते. मग कोठीखोली उघडली. जुनी जर्नलं तिथे बॅचवार गठ्ठे बांधून ठेवलेली असत. मी जमिनीवर बसून एकेक उघडत गेले. किती अक्षरं, किती शाया, मुलांची, मुलींची, कुणाचं गोल, कुणाचं तिरकं, आणि प्रत्येकात तेच तीन आकडे. सुरुवातीच्या वर्षांत ते खरे होते. नंतर कधी खरे राहिले नाहीत हे त्या शेकडो पानांवरून ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. एका माणसाचं हृदय दहा वर्षं लिहिलं गेलं होतं आणि त्याचा पत्ता लागत नव्हता. मी तिथे बसून रडले. मामांसाठी रडले असं लिहावंसं वाटतं, पण खरं म्हणजे मला लाज वाटत होती म्हणून रडले. शेवटी वंदनाची वही सापडली. लाल रेघ एकच होती, खालचे आकडे स्पष्ट वाचता येत होते. पानावर तारीख होती.

एसटीने वर्ध्याला पोचले. डॉक्टर तरुण होते, दमलेले. नमुन्यादाखल नेलेली पाच-सहा जर्नलं त्यांनी चाळली. "हे सगळं एकाच माणसाचं? दर वर्षी अगदी हेच?"

"लिहिलेलं हेच आहे," मी म्हटलं आणि वंदनाचं पान उघडलं. "खरं हे आहे. खोडलेलं."

"कुणी खोडलं?"

"मी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. केसपेपरवर ती तारीख उतरवून घेतली आणि त्यापुढे ते तीन आकडे. बाकीची जर्नलं मला परत दिली. मग त्यांनी सांगितलं की हृदयाची एक झडप गळते आहे, बरेच दिवसांपासून गळत असावी. ती बदलायची एक वेळ असते, ती निघून गेली आहे, हृदय फार ताणलं गेलं आहे. ती वेळ कधी होती हे मी विचारलं नाही. तारीख माझ्या हातातच होती.

मामा खाटेवर उशीला टेकून बसले होते. आडवं झालं की दम लागत होता. मला पाहून हात पुढे करायला गेले, पण हाताला सुई होती. मी स्टुलावर बसले आणि सरळ सांगून टाकलं की त्या दिवशी वंदनाचा आकडा बरोबर असणार हे मला कळलं होतं आणि तरी मी तो खोडला.

"मले बी माहीत होतं," ते म्हणाले. शब्दांमध्ये मोठमोठे खंड पडत होते. "माहीच नाडी ते. मले नाई कळणार? दोन वर्षांपासून खाली उतरतच नव्हती. पण सांगतलं असतं त तुमी मले बाकावर चढू नसतं देल्लं." मग म्हणाले, "जर्नलात बेचाळीस लिहिलं ते ठीकच हाय. परीक्षा होती पोट्ट्यायची. पण मले वाटलं, खरं तुमी दुसरीकडं कुठंतरी लिहून ठेवलं असन. शिकलेले लोकं तसं ठेवतात म्हटलं. म्हणून त हिले पाठवलं तुमच्याकडं."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. ते खरोखर तसं समजत होते. आपण खोटं बोललो तरी आपल्या मॅडम कुठल्यातरी वहीत खरं ते टिपून ठेवतील आणि वेळ आली की ते आपल्या उपयोगी पडेल, इतका त्यांना माझ्या शिक्षणाचा भरवसा होता. मामींनी मला पाणी दिलं. ते मी प्यायले आणि शेवटची गाडी पकडून परत आले.

मामा त्यानंतर सात-आठ महिने होते. मी दर रविवारी त्यांच्या घरी जायचे. ते अंगणात खुर्चीवर बसायचे आणि आमचं बोलणं पावसाचं, कॉलेजातल्या नव्या पोरांचं, मामींच्या गुडघ्यांचं व्हायचं. नाडीचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. उन्हाळ्यात ते गेले. मी कॉलेजात प्रयोगाची पद्धत बदलली, जुनं आदर्श जर्नल फाडून टाकलं, वाचनं माझ्यासमोर घ्यायला लावली. पोरं कुरकुरली. मॅडमना काय झालं म्हणून विचारत होती. कारण मी कुणालाच सांगितलं नाही. वंदनाला पत्र लिहायचं मात्र रोज ठरवायचे आणि रोज राहून जायचं.

दोन वर्षांनी शाळांच्या स्पर्धांना पंच म्हणून केळझरला जाणं झालं. मैदानामागच्या शाळेत खेळाची बाई म्हणून वंदनाच होती. अंगाने भरली होती, पण बोलणं तेवढंच. सामने आटोपल्यावर तिने मला व्हरांड्यात खुर्ची दिली आणि समोर आरोग्यकार्डांचा गठ्ठा घेऊन बसली. मुलं खो-खो खेळून, घामेजून, जमिनीवर रांगेने बसली होती. ती नाव विचारायची, वजन मोजून घ्यायची आणि नाडीच्या रकान्यात आकडा लिहायची. बाहत्तर. चौऱ्याहत्तर. बाहत्तर. एकाही मुलाच्या हाताला तिने हात लावला नाही.

"मोजत नाहीस?" मी विचारलं.

"माझा हात कच्चा आहे न मॅडम," ती म्हणाली. अगदी साधेपणाने, हात काळा आहे किंवा गोरा आहे असं सांगावं तसं. "तेव्हापासून मी मोजतच नाही. चुकीचं काहीतरी येतं."

मग ती लिहायची थांबली. "मामा गेल्याचं समजलं मले. हृदयाचं होतं म्हणे. मॅडम, तेव्हा मी..."

"बरोबर मोजलं होतंस तू," मी म्हटलं. "दोन्ही दिवस बरोबर मोजलं होतंस. चूक मी केली. मला कळत होतं आणि मी खोडलं."

मला वाटलं ती उठून जाईल, आणि गेली असती तर तिचं काही चुकलं नसतं. पोरं चुळबुळ करायला लागली. तिने लिहून झालेली कार्डं एकत्र केली, त्यांच्यावरचे आकडे एकेक करून पाहिले आणि गठ्ठा बाजूला सारून रांगेतल्या पहिल्या मुलीला पुन्हा बोलावलं. दोन वेण्यांची, धापा टाकणारी पोरगी होती ती. वंदनाने तिचं मनगट हातात घेतलं. बोटं नेमकी कुठे ठेवायची हे शोधायला तिला थोडा वेळ लागला. मी घड्याळ धरलं.

"एकशे सहा येतात मॅडम," ती म्हणाली. "जास्त वाटतात."

"पुन्हा मोज."

तिने पुन्हा मोजले. एकशे सहाच आले. तिने माझ्याकडे पाहिलं, पेन हातात तसंच धरून, आणि मी होय म्हणेपर्यंत ते कागदावर टेकवलं नाही.